तिसऱ्यांची हजेरी

मत्स्याहाराच्या विषयात मी कोणी अधिकारी पुरुष आहे, असा समज या सदराच्या काही वाचकांनी आणि आमच्या इमारतीतील बहुतेक रहिवाशांनी माझ्याशी कसलाही विचारविनिमय न करता परस्पर करून घेतलेला आहे. आणि बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे केव्हा घालावीत यावरून मागे येथे जो वाद माजला, त्यानंतर एका सद्गृहस्थांनी माझ्या बाजूने पुरावा म्हणून सावंतवाडीहून तिरफळांची पुरचुंडीच टपालाने धाडल्यापासून, त्या समजाचे खंडन करण्याची माझी इच्छाही मंदावली आहे. त्यामुळे गेल्या रविवारी सकाळी चौथ्या मजल्यावरील निवृत्त अभियंते एक पारदर्शक डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा मला विशेष नवल वाटले नाही. डब्यात तिसऱ्या होत्या, तिसऱ्यांवर पाणी होते, पाण्यावर घट्ट झाकण होते आणि झाकणावर एक सुबक छापील चिठ्ठी होती: माल कधी भरला, कधीपर्यंत खाण्यास योग्य, आणि शेवटी 'स्वच्छ धुतलेल्या व ताज्या' अशी निःसंदिग्ध ग्वाही. फोनवरून मागविलेला हा ऐवज आदल्या दिवशी दारात आला होता आणि जसा आला तसा फ्रिजमध्ये गेला होता. "मुदत उद्यापर्यंतची आहे," अभियंते म्हणाले, "पण वास जरा निराळा वाटतो. आपण एकवार पाहता का?"

पाहण्यासारखे काही उरलेच नव्हते. झाकण उघडण्यापूर्वीच आमच्या जिन्यातील मांजर, जे एरवी मासळीच्या पिशवीमागून तीन मजले चढून येते, ते पाठ फिरवून खाली निघून गेले.

या प्रसंगात मला सर्वांत अधिक खटकले ते त्यांचे 'पण'. वास निराळा आहे हे त्यांच्या नाकाने त्यांना रीतसर कळविले होते. तरीही एका छापील चिठ्ठीपुढे त्यांनी आपल्या नाकाची साक्ष अग्राह्य ठरविली होती. ज्या गृहस्थाने उभ्या हयातीत सरकारी पुलाच्या सिमेंटचा एकही नमुना ठेकेदाराच्या शब्दावर मंजूर केला नाही, असे ते स्वतःच गच्चीवरच्या बैठकीत अभिमानाने सांगतात, त्याने तिसऱ्यांच्या बाबतीत मात्र ठेकेदाराचाच दाखला प्रमाण मानावा, याला काय म्हणावे? आणि दाखला तरी कशाचा? साबण, बिस्किटे, औषधाच्या गोळ्या यांना मुदत असावी हे मला समजते. तिसरी घरात येते तेव्हा ती जिवंत असते, निदान असावयास हवी. आणि जिवंत प्राणी अमुक वारी दुपारी बारापर्यंत जिवंत राहील, हे डबा भरणाऱ्या कारकुनाला आगाऊ कळत असेल तर त्याने मासळीचा व्यवसाय सोडून कुंडल्या मांडावयास बसावे. त्यातून या चिठ्ठीबहाद्दरांनी तिला गोड्या पाण्यात बुडवून वर हवाबंद झाकण घातलेले, म्हणजे मुदत लिहिणाऱ्यानेच ती संपविण्याचीही चोख व्यवस्था केलेली. खाडीची तिसरी गोडे पाणी लागताच शिंपा गच्च मिटून घेते आणि वाट पाहत राहते. ओहोटीनंतर भरती येते हा तिचा वंशपरंपरागत अनुभव असतो. फ्रिजमधल्या डब्यात भरती येत नाही.

तिसरीच्या शरीराची रचना पाहिली म्हणजे तिच्या जिवंतपणाचा पुरावा तिच्याच अंगी निसर्गाने कसा जोडून दिला आहे, हे ध्यानात येते. दोन शिंपा ज्या बिजागरीने जोडलेल्या असतात, तिची स्वाभाविक ओढ उघडण्याकडे असते. त्या मिटून धरण्यासाठी आतल्या स्नायूला अखंड श्रम करावे लागतात. प्राण आहे तोवर हे श्रम चालतात, प्राण गेला की स्नायू सैल पडतो आणि बिजागरी आपला हेतू साधते. म्हणून किंचित फाकलेली तिसरी दिसली तर तिला टिचकी मारावी: मिटली तर जिवंत, न मिटली तर टाकून द्यावी, मग तिची मुदत परवापर्यंत असो वा पुढल्या वर्षापर्यंत. चुलीवर ठेवल्यावर बहुतेक सगळ्या उघडतात, त्याचेही कारण हेच की उष्णतेने त्या स्नायूची पकड सुटते. मेलेल्या तिसरीचे काम जंतू ताबडतोब हाती घेतात, आणि तिचा सबंध देह, पोटातील मजकुरासह, आपण खाणार असल्यामुळे त्यांची मेहनत थेट आपल्या पानात येते.

ज्या वाचकांना केवळ उपयुक्त मजकूर हवा असतो, त्यांच्यासाठी तो एका दमात सांगून टाकतो. तिसऱ्या, शिणाणे, कालवे जिवंत असतील तर उथळ, उघड्या भांड्यात ठेवून वर ओले फडके झाकावे आणि भांडे फ्रिजच्या तळच्या कप्प्यात, मागच्या अंगाला ठेवावे. दारात ठेवू नये, कारण तेथील थंडी दर उघडझापीला पळून जाते, आणि वरच्या कप्प्यातही नको, कारण त्यांचे पाणी खालच्या शिजलेल्या अन्नात ठिबकते. आतले उष्णतामान ४ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये, आणि दोन दिवसांच्या आत प्रकरण निकालात काढावे. रेती सुटावी म्हणून पाण्यात घालावयाच्याच असतील तर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ घालून, म्हणजे समुद्राइतके खारे करून, काही तासच घालाव्यात. कोळंबी बहुधा मेलेलीच घरी येते. तिची डोकी आधी काढावीत, कारण तिचे मांस पिठूळ करणारे पाचकरस डोक्याकडच्या भागातच असतात, आणि चाळणीत बर्फाच्या चुऱ्यावर अशी ठेवावी की वितळलेले पाणी खाली निथळून जाईल. एक-दोन दिवसांत खावयाची नसेल तर पहिल्याच दिवशी उणे १८ अंशांत टाकावी, आणि एकदा बाहेर काढून पाघळलेली पुन्हा गोठवू नये. बाजारापासून फ्रिजपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ जाऊ नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल, जशी ती या वैशाखात रोजच आहे, तर एकाच तासात घर गाठावे. माझे लोककर्तव्य येथे संपले.

वेंगुर्ल्याच्या माझ्या मावशीला यातला एकही आकडा ठाऊक नव्हता. तिच्या घरी फ्रिजही नव्हता. पाटी दारात उतरल्यापासून कालवण चुलीवर चढेपर्यंतचा अवधी एवढा अल्प असे की साठवणुकीचा प्रश्नच उद्भवत नसे. मात्र त्या अल्प अवधीत ती तिसऱ्यांची जी हजेरी घेई, तशी काटेकोर हजेरी मी पुढे कोणत्याही कचेरीत पाहिली नाही. मागीलदारी पाटावर बसून ती दोन्ही हातांत एकेक तिसरी घेई आणि एकमेकींवर आपटी. भरीव, दगडासारखा आवाज आला तर दोन्ही टोपात. पोकळ आला तर कोणती दोषी ते ठरविण्यासाठी तिसरीच साक्षीदार बोलावली जाई. पुढे ती प्रत्येकीच्या शिंपा अंगठ्याने आडव्या सरकवून पाही, कारण आतला जीव केव्हाच निघून जाऊन चिखलाने भरलेल्या, आणि केवळ त्या चिखलाच्याच आधारे मिटून राहिलेल्या काही तिसऱ्या या मेळाव्यात वेष पालटून सामील झालेल्या असतात. त्या आवाजही भरीवच देतात. अशी एक जरी नजर चुकवून टोपात गेली तर अख्ख्या कालवणात चिखल होतो, आणि घरातल्या पुरुषमंडळींचे त्या दिवशीचे जेवण व त्यानंतरचे भाषण दोन्ही कचकचीत होतात. नाक ती सर्वांत शेवटी वापरी. वास येईपर्यंत थांबलेल्या माणसाला मासळीतले काही कळत नाही, असे तिचे मत होते.

मावशीचे यजमान मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. कोणताही मजकूर आपल्या सहीवाचून पुढे जाऊ नये, हा त्यांचा कचेरीतला बाणा ते घरीही सोडीत नसत. सबब, सोवळ्याइतकेच जपलेले आपले धोतर सावरीत ते मागीलदारी येत, टोपातून एखादी तिसरी उचलून प्रकाशाकडे धरीत आणि "ठीक आहे" असा शेरा मारीत. मावशी वर पाहत नसे. एकदा त्यांनी कार्यक्षमतेच्या भरात, तिची हजेरी संपण्यापूर्वीच, सगळ्या तिसऱ्या विहिरीच्या पाण्याने भरलेल्या घंगाळात ओतून ठेवल्या, आणि देवपूजेला जाऊन बसले. तेव्हा देवघरापर्यंत ऐकू जाईल अशा स्वरात ती जे बोलली ते मला अद्याप आठवते: "जित्यो होत्यो त्यो! गोड्या पाण्यात घालून जीव घेतलंत त्येंचो, आणि आता घंटा वाजवतास!" अव्वल कारकुनांनी त्या दिवशी आरती बरीच लांबविली.

आमच्या घरी ही परंपरा सौभाग्यवतींनी एका दुरुस्तीनिशी चालविली आहे. तिसऱ्या एकशिपी करावयाच्या, म्हणजे विळीवर उघडून मांस एका शिंपेत राखावयाचे, तर त्या आधी तासभर बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. मग त्या विनातक्रार उघडतात आणि बोटे शाबूत राहतात. मुंबईच्या असंख्य घरांत हीच रीत आहे. मावशी तिला भेकडपणा म्हणे. माझा आक्षेप निराळा आणि केवळ क्रमाविषयीचा आहे: हजेरी आधी, बर्फ नंतर. थंडीने गारठून उघडलेली तिसरी आणि कालच मरून उघडलेली तिसरी कप्प्यातून बाहेर आल्यावर अगदी सारख्याच दिसतात, आणि त्या अवस्थेत टिचकीला उत्तर देण्याच्या स्थितीत कोणीच नसते. हा मुद्दा मी घरात मांडला तेव्हा मला विळी देऊ करण्यात आली.

अभियंत्यांचे म्हणणे असे पडले की दोष कोणाचाच नाही, दोष या शहराच्या उन्हाचा व अंतराचा आहे. धक्क्यापासून घरापर्यंत एवढ्या गाडीघोड्यातून माल ताजा येणार तरी कसा? हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही, आणि तो मान्य नसण्याचे कारण इतिहासात आहे. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बोस्टनच्या एका व्यापाऱ्याने १८३३ साली 'टस्कनी' नावाच्या गलबतात सुमारे १८० टन बर्फ भरून ते कलकत्त्याला रवाना केले. तळ्यांतून कापलेला तो नैसर्गिक बर्फ, यंत्र नाही, वीज नाही, फळ्यांच्या दुहेरी भिंतींआड रचलेला, मे महिन्यात निघाला, विषुववृत्त दोन वेळा ओलांडून सप्टेंबरात हुगळीला लागला, आणि तरी त्यातला शंभर टनांच्या आसपास शिल्लक होता. पुढे मुंबईलाही तो येऊ लागला. १८३४ च्या सुमारास जमशेटजी जिजीभाईंनी, ते तेव्हा 'सर' झालेले नव्हते, आपल्या घरच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातले, आणि यजमानांसह मंडळींना सर्दी झाली तेव्हा 'मुंबई समाचार'ने ही योग्यच शिक्षा झाली असा अभिप्राय दिला, अशी आख्यायिका आहे. एखाद्याच्या नाकाला पाणी सुटल्याचे वृत्त छापून वर त्याची खरडपट्टी काढण्याचे हे स्वातंत्र्य आजच्या पत्रांना राहिलेले नाही, याचे मला वैषम्य वाटते. मी स्वतः एका मंत्र्यांच्या पडशावर लिहिलेला मजकूर संपादकांनी मागे परत केला होता.

हा बर्फ ज्या तळ्यांतून कापला जाई त्यांत लेखक थोरोचे वॉल्डनही होते. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्याच्या झोपडीसमोर मजुरांनी तळ्याचे पृष्ठ करवतींनी कापून नेले, आणि १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने मद्रास व कलकत्त्याबरोबर मुंबईकरांचाही आपल्या तळ्याचे पाणी पिणारे म्हणून उल्लेख केला. एकांतवासासाठी जो माणूस अरण्यात गेला, त्याच्या दारचे पाणी आमच्या बंदरावर विकले जात होते. तो बर्फ साठविण्यासाठी बांधलेली मुंबईची इमारत पाडली गेली; मद्रासची मात्र समुद्रासमोर अद्याप उभी आहे, आणि १८९७ मध्ये परदेशातून परतलेले स्वामी विवेकानंद तेथे काही दिवस राहिल्यामुळे ती आता त्यांच्या नावाने ओळखली जाते. सांगावयाचे ते इतकेच की चार महिन्यांच्या सागरप्रवासात बर्फ राखता येत होता, आणि आमच्या गृहस्थांना शेरभर तिसऱ्या दादरपर्यंत आणवत नाहीत, हा दोष उन्हाचा खास नव्हे.

कोळंबीविषयी लोकांचा घोटाळा याच्या उलट दिशेने होतो. डोक्याशी किंवा सालीच्या कडेला काळे डाग दिसले की नवशिके गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे जाते. ते डाग सालीतल्या एका विकराने, हवेशी संबंध आल्यामुळे, पडतात. कापलेले वांगे काळे पडते त्यातलाच हा प्रकार. डाग पडले म्हणजे कोळंबी थोडी जुनी आहे एवढेच निश्चित, ती विषारी झाली असे नव्हे. या उलट काही विक्रेते डाग पडू नयेत म्हणून तिला गंधकयुक्त क्षाराचे स्नान घालतात, आणि ती गोरीपान कोळंबी आपण कौतुकाने उचलतो. पाहावयाचे ते अंग: बोटाने दाबले असता मांस परत वर येते की खड्डा धरून बसते, डोके धडाला चिकटून आहे की लोंबते, साल बुळबुळीत आहे की कोरडी चकचकीत. आणि वास समुद्राचा असावा. चुना-नवसागर हुंगल्यासारखी नाकात कळ गेली तर भावाची चर्चाही करू नये. आमच्या नेहमीच्या कोळीणबाईंच्या वाट्यांवरून मी एकदा असा हात फिरवू लागलो, तेव्हा त्या गरजल्या, "भाऊ, दाबून दाबून तूच ती शिळी करशील. वैनीला पाठव!" तेव्हापासून पिशवी धरणे हेच माझे खाते आहे.

नाक, कान, बोटे या सर्वांचा एवढा गौरव केल्यानंतर त्यांची हद्दही सांगितली पाहिजे. १९८३ साली मंगळूरजवळच्या कुंबळे येथे खाडीतल्या शिंपल्या खाऊन माणसे आजारी पडली आणि एक मुलगा दगावला. त्या शिंपल्या शिळ्या नव्हत्या. दोष त्यांच्या साठवणुकीत नसून त्यांच्या आहारात होता. पाण्यात वाढलेल्या काही सूक्ष्म शैवालांचे विष त्या गाळून गाळून आपल्या देहात साठवितात, आणि त्याने त्यांना स्वतःला काही होत नाही. त्या विषाला वास नसतो, चव नसते, आणि ते शिजवूनही नाहीसे होत नाही. जेवणानंतर ओठ व जीभ बधिर होऊन मुंग्या आल्या तर घरगुती उपाय करीत न बसता तडक इस्पितळ गाठावे. आणि समुद्राचे पाणी तांबडे झाल्याची किंवा शिंपल्या न खाण्याची ताकीद जेव्हा खात्याकडून निघते, तेव्हा तिची थट्टा करू नये. सरकारी हुकमाविषयी असे वाक्य या सदरात क्वचितच येते, तेव्हा ते कापून ठेवावयास हरकत नाही.

आता आगोट तोंडावर आली. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी, त्यानंतर श्रावण. तेव्हा कोकणच्या माणसाला खरी साठवण करावयाची असते ती या दिवसांत, आणि ती सोड्यांची. सोललेली कोळंबी उन्हात वाळवून केलेले सोडे ही बर्फाच्या कितीतरी आधीची आमची व्यवस्था, आणि तिचीही परीक्षा असतेच: सोडा तांबूस, कोरडा आणि मोडताना कट्‌कन तुटणारा असावा, वाकला तर आत ओल आहे, पांढरी लव किंवा भुकटी दिसली तर बुरशी वा कीड लागली, आणि मिठाचे खडे चकाकत असतील तर विकणाऱ्याने मीठच सोड्यांच्या भावाने विकले. विकत आणलेल्या सोड्यांना दोन कडक उन्हे दाखवून, निवल्यावर, काचेच्या बरणीत भरावे लागते. गरम भरले तर बरणीच्या अंगाला घाम येतो आणि आषाढात सगळे फुकट जाते.

ही दोन उन्हे दाखविण्यासाठी सौभाग्यवतींनी मंगळवारी सोडे गच्चीवर नेले, आणि बुधवारी आमच्या गृहसंस्थेच्या चिटणीसांची नोटीस आली की सामाईक गच्चीवर 'उग्र दर्पयुक्त पदार्थ' वाळत घालणे उपविधींच्या विरुद्ध असून ते चोवीस तासांत हलवावेत. नोटिशीची भाषा मला आवडली. 'दर्पयुक्त' हे विशेषण तर मावशीच्या यजमानांनाही सुचले नसते. परंतु त्याच गच्चीवर, आमच्या सोड्यांपासून चार हातांवर, खुद्द चिटणीसांच्या घरची कैरीची मसाला लावलेली फोड, हिंगासह, वाळत आहे. मी लेखी उत्तर दिले आहे. उग्र दर्प कशाला म्हणावे याची व्याख्या कोणत्या उपविधीत दिली आहे, हिंग त्यात समाविष्ट आहे किंवा कसे, आणि नसल्यास तो कोणत्या ठरावान्वये वगळला, अशी तीन कलमे मी विचारली असून उत्तर मिळेपर्यंत सोडे जागच्या जागी राहतील असे नम्रपणे कळविले आहे. कार्यकारिणीची सभा रविवारी आहे. दोन उन्हे त्याआधीच पुरी होतात.